आवशीचा म्हायार सांग!

खाजं तोलून झालं, पुडी बांधून झाली, तरी काकी ती हातात देत नसे. पुडी छातीशी धरून ती गिऱ्हाइकावर डोळे वटारायची. "आवशीचा म्हायार खंय?"

ज्याला आईचं माहेर सांगता आलं त्याला पुडी मिळे. ज्याला आलं नाही त्याच्या पुडीचा दोरा ती सोडायची, आतली एक काडी काढायची आणि त्याच्या तोंडासमोर कडाकडा चावून खायची. "आवशीक इसारलंस. येक काडी कमी." आजीचं माहेर आलं नाही तर दुसरी काडी. पणजीपर्यंत पोचणारं गिऱ्हाईक एखादंच. त्याला मूठभर जास्त मिळायचं, पण तेही शिव्यांसकट: "घे मेल्या, जाणतंस तर खा!"

ज्यांनी मालवणकडच्या जत्रा पाहिल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. खाजं म्हणजे बेसनाच्या तळलेल्या काड्या, आलं घातलेल्या गुळाच्या पाकात घोळलेल्या. जत्रेला जाऊन खाजं न घेता परतणं म्हणजे जत्रेला न जाणंच. कार्तिकापासून चैत्रापर्यंत काकी डोक्यावर टोपली घेऊन गावोगावच्या जत्रा फिरायची. एक चटई, एक तराजू, एक कंदील. डाव्या हातावर कोपरापर्यंत तेलाचे डाग. नवरा गलबतावर गेला तो परत आला नव्हता. आमच्या वाडीत आमच्या घराला लागून तिचं गवतानं शाकारलेलं केंबळारू घर होतं, पलीकडे तिच्या दिराचे दोन मुलगे राहायचे. लहानथोर सगळे तिला काकीच म्हणत.

लोक हसत. म्हणत, म्हातारीचं डोकं तापलेलं असतं, तेलाच्या कढईपाशी बसून दुसरं काय होणार? पण त्या प्रश्नामागे काय होतं ते मला फार उशिरा कळलं. जत्रेला लग्न झालेल्या लेकी माहेरी येतात, देवीची ओटी भरतात आणि परत जाताना सासरच्यांसाठी खाजं घेतात. म्हणजे तालुक्यातली प्रत्येक माहेरवाशीण कधी ना कधी काकीच्या चटईसमोर उभी राहायचीच. कोणाची लेक कुठल्या घरात दिली, तिची सासू कुठली, त्या सासूची सासू कुठली, हे सगळं काकीच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. तिला अक्षर येत नव्हतं. मी चौथीपर्यंत शिकलेला, म्हणजे तिच्या दृष्टीनं मोठा विद्वान, आणि म्हणूनच तिचा माझ्यावर जास्त राग.

चौथीनंतर शाळा सुटली. एकोणिसाव्या वर्षी मी कच्छात कांडल्याला गेलो. तिथं नवं बंदर बांधत होते, आमच्या किनाऱ्यावरच्या पोरांना दोरखंड आणि पाणी कळतं म्हणून काम मिळायचं. निघताना काकी मालवणच्या धक्क्यापर्यंत आली होती. पुडी पुढं करून म्हणाली, "पणजेचा म्हायार?" मला आजीचंही सांगता येईना. बोटीवर चढायची घाई, त्यात तिनं शांतपणे दोन काड्या काढून घेतल्या. मी हसलो. तीन वर्षांनी त्या हसण्याची मला लाज वाटली.

कांडल्याला पौषात पत्र आलं. आईला लिहिता येत नसल्यामुळे मास्तरांच्या अक्षरात होतं. "तात्याने घराण्याची वंशावळ करून तलाठ्याकडे दिली आहे. तीत तुझ्या बापाचे, आजाचे नाव नाही. आपण या घराण्यातले नव्हे, उपरे, असे म्हणतो. घर व परडे त्याच्या नावे व्हावयाचे आहे. चावडीवर चौकशी आहे. मला म्हणतो, म्हातारे, शिमग्याआधी दुसरीकडे बघ."

आई त्या घरात लग्न होऊन आली होती, त्याच घरात विधवा झाली होती. मी शेकडो मैलांवर, आणि ती दारात कोण येतंय याची वाट बघत. मुकादमानं तीन आठवड्यांची रजा दिली. त्या माणसाचे उपकार मी विसरलो नाही. भुजच्या एका सोबत्यानं स्वतःचं घोंगडं दिलं, ते मी परत करू शकलो नाही.

तात्या नात्यानं माझा लांबचा चुलतभाऊ, वयानं बापाच्या जागी. मुंबईत कुठल्याशा कचेरीत कारकुनी करून गावी आला होता. अक्षर मोत्यासारखं. मोठ्या कागदावर लाल शाईनं त्यानं घराण्याचं झाड काढलं होतं आणि ते ओसरीवर लावून ठेवलं होतं. मी गेलो तर चष्मा पुसत म्हणाला, "बस. भांडायला आलास तर भांड, पण कागद बघ आधी. मूळपुरुष रामचंद्र. त्याचा मुलगा भिकाजी रामचंद्र, म्हणजे माझे आजोबा. त्यांना एकच मुलगा, माझे वडील. गावातलं शेंबडं पोर सांगेल. मग तुझा पणजोबा गोपाळ भिकाजी आला कुठून? कोणीतरी आसऱ्याला ठेवलेला असणार."

"ठेवलेला" हा शब्द ऐकला आणि मी उठलो. मी तो कागद फाडायला हात घातला. त्याच्या मुलांनी मला अंगणात आणून ढकललं. तिथं, तुळशीपुढे, मातीत पडलेला असताना मला खरं सांगायचं तर तात्यापेक्षा स्वतःचा राग जास्त आला. कारण उत्तर द्यायला माझ्याकडे काहीच नव्हतं. गोपाळ भिकाजी एवढी दोन नावं, बस. पणजोबा दिसायचा कसा, कुणाच्या मांडीवर वाढला, काही नाही.

पुढचे आठ दिवस मी गावभर धावलो. गुरवाला विचारलं, वाडीतल्या म्हाताऱ्या मानकऱ्यांना विचारलं, भटजींना विचारलं. प्रत्येकजण पानाला चुना लावत तेच सांगे: "भिकाजी रामचंद्र? येकच. तात्याचो आजो." आई चुलीशी बसून माझ्याकडे बघायची आणि भाकरी उलटायची.

मसुऱ्याला आंगणेवाडीची जत्रा लागली. मी गेलो तो देवीपाशी रडायला. गर्दीत काकीची चटई दिसली. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं. ती ऐकत होती आणि तिच्या नाकपुड्या फुगत होत्या. मला वाटलं, तात्यावर.

"आठ दिस," ती म्हणाली. "आठ दिस तू बाप्यांक इचारीत फिरलंस?"

"गुरव... मानकरी..."

"शिरा पडो तुझ्या शाळेर! बापयो काय सांगतलो? बापयो मान सांगता. बापयो वाटो सांगता. रे, आमच्यात आज्याचा नाव नातवाक ठेवतत मां? भिकाजीचो रामचंद्र, रामचंद्राचो भिकाजी, भिकाजीचो परत रामचंद्र. दर्याची लाट तशी. कितके भिकाजी झाले ता बापयो कसो वळाखतलो?"

खरंच, भिकाजी रामचंद्राचा नातूही भिकाजी रामचंद्रच असणार. आजा आणि नातू, दोघांचं आख्खं नाव एक. तात्यानं दोघांना एक माणूस करून टाकलं होतं. मधल्या दोन पिढ्या गायब, आणि त्यांच्याबरोबर मोठ्या भिकाजीचा धाकटा मुलगाही गायब. तो म्हणजे माझा गोपाळ. सुरुवातीला ती चूकच असावी, असं मी आजही म्हणेन. पण सोयीची चूक हाताला लागली की माणूस ती मुठीत आवळून धरतो.

"मग ओळखायचं कसं, काकी? त्यांच्या बायकांच्या नावावरून?"

"नावावरना?" तिनं तराजू आपटला. आजूबाजूची गिऱ्हाइकं मागं सरकली. "लग्नात बायलेचा नाव बदालतत, गाढवा! घरात चार लक्षुम्यो आसतत. नाव बदालता, म्हायार बदलना नाय. तात्याची आजी खंयची?"

"विजयदुर्गची." हे सगळ्या गावाला माहीत होतं. तात्याच तर सांगत सुटायचा, आमच्या आजीच्या माहेरी तीन गलबतं होती.

"आणि गोपाळाची आवस?"

तिनं माझी पुडी बांधलेली नव्हती, तरी टोपलीतली एक काडी उचलून ती माझ्या नाकासमोर चावली. मग उठली. टोपली शेजारच्या माळणीकडे सोपवून ती ओटी भरून येणाऱ्या बायकांच्या वाटेवर कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. मी मागं. गोपाळाची आई मसुऱ्याची, एवढं तिच्या डोक्यात होतं; घर तेवढं सापडायचं होतं. ती एकेकीला अडवी. "गो, तू वरच्या घरातली मां? तुझी आजेसासू हा मां अजून? आमच्या वाडयेक तुमचा चेडू, तुमची लेक दिली होती, तुझ्या आजेसासवेच्या सासवेच्या येळेक." कोणी हसायची, कोणी वळसा घालून जायची. काकी चिडत होती, पण हलत नव्हती. शेवटी हिरव्या लुगड्यातली एक बाई थांबली. म्हणाली, "आमची म्हातारी सांगता खरी. दोन बाळंतपणा हयच झाली म्हणता त्या आत्येची."

तेव्हा काकी माझ्याकडे वळली. तिचा चेहरा विजयाचा नव्हता. रागाचाच होता. "आयकलंस? बायल बाळंतपणाक खंय जाता? म्हायारा. मगे झिलाच्या जल्माचा टिपण करणारो भट खंयचो? म्हायारचो. तुझो पणजो मसुऱ्यात जल्मलो, आणि तू मेल्या थंय गुरवाच्या दारात बसलंस!"

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या घरी गेलो. आजेसासू नव्वदीच्या पुढची, डोळ्यांनी अधू, मागच्या पडवीत चिंचा सोलत बसलेली. घरातला मोठा मुलगा पुढं येऊन सांगू लागला तर काकीनं त्याला हातानं गप्प केलं. "तू भायर बस. तुझ्याफुडे ती बोलाची नाय." मग तिनं म्हातारीला कोण मेलं, कधी मेलं असलं काही विचारलंच नाही. विचारलं, बाळंतीण कुठल्या खोलीत निजायची, खिरीत काय घालायचे, पोर रडकं होतं का. म्हातारी बोलत सुटली. बोलता बोलता म्हणाली, पेटाऱ्यात बघा, टिपणं असतील, आमच्यात टाकत नाहीत.

होती. लाल फडक्यात, वाळवीनं कडा खाल्लेली दोन टिपणं. मोडी मला येत नव्हती. त्या घरच्या भटजींनी वाचून दाखवली. आमच्या वाडीचं नाव, आमचं आडनाव, "भिकाजी बिन रामचंद्र यांसी दिलेली आमची कन्या, इचे पोटी प्रथम पुत्र, नाम रामचंद्र." आणि दुसरं: "द्वितीय पुत्र, नाम गोपाळ."

मी तिथं रडलो. काकी म्हणाली, "रडतंस कित्याक? तात्याक रडव."

चौकशीच्या दिवशी चावडीत तलाठ्याच्या वरचे सर्कल साहेब, तलाठी, तात्या आणि त्याची मुलं. काकीला कोणी बोलावलं नव्हतं. ती टोपलीसकट येऊन उंबऱ्यात बसली. साहेबांनी टिपणं वाचून घेतली. तात्या उभा राहिला. कचेरीत उभं राहायची त्याला सवय. "साहेब, हे कागद आमच्या घराण्याचे असूच शकत नाहीत. माझी आजी विजयदुर्गची. मसुऱ्याची बाई माझ्या आजोबांची बायको नव्हती. हा कुणी दुसरा भिकाजी असेल."

"व्हय!" काकी उंबऱ्यातून ओरडली. "दुसरोच! सायबानू, लिवन घेवा! दुसरो भिकाजी, तेचो झील रामचंद्र, आणि त्या रामचंद्राचो झील ह्येचो आजो! आजो आणि नातू, नाव येक!"

तात्याच्या लक्षात आलं. त्यानं चष्मा काढला, पुसला. "किंवा... किंवा असं असेल, साहेब, की माझ्या आजोबांना आधी एक मसुऱ्याची बायको होती."

काकी उठली. साठी उलटलेली बाई, पण आवाज देवळाच्या घंटेसारखा. "बरा! आजी विजयदुर्गची म्हणान तोंड वर करून गाव फिरलंस. आता ती दुसरेपणाची? गलबतवाल्यांनी सवतीर चेडू दिल्यानी? बरा, तसा तर तसा. मगे गोपाळ तुझ्या सख्ख्या आज्याचो झील. तसा धर नायतर असा धर, गोपाळ ह्या घरातलो. तुका आजी सांभाळूची हा काय घर?"

चावडीत कोणी तरी खिदळलं. सर्कल साहेबांनी पेनानं टेबलावर टकटक केली. तात्याचं लाल झाड गुंडाळून ते तलाठ्याला म्हणाले, "ही वंशावळ परत करा. नवीन करून आणू द्या. यांची शाखा लावून." आणि काकीकडे न बघता, "बाई, तुम्ही बसा आता."

"बसतंय कित्याक? माका जत्रेक जावचा आसा," म्हणून ती निघून गेली.

आईचं घर राहिलं. मी काकीच्या पाया पडायला गेलो तर ती अंगावर आली. "पायार कित्याक पडतंस? वही हाड. लिव. तुझ्या आवशीचा म्हायार, तिच्या आवशीचा, तुझ्या आज्येचा. आधी सगळ्यात म्हातारी बायल, मगे बाकीची. चुलीकडे बसान इचार, ओसरेर नाय. दोघींनी दोन सांगल्यानी तर दोनय लिव, कोणी सांगला तेचा नाव लिव. तुझा डोक्या चालवू नको."

मी चिडवायला म्हटलं, "काकी, तुझं माहेर कुठलं?"

"आधी तुझा निस्तर," ती म्हणाली आणि कढईकडे वळली.

मी वही आणली, चार नावं लिहिली. दोन दिवसांनी बोट होती. वही ट्रंकेत गेली.

काकी दोन पावसाळ्यांनंतर गेली. पत्रात एकच ओळ होती: "खाजेवाली काकी वारली, तुझी आठवण काढत होती." आठवण कसली, शिव्याच दिल्या असतील. त्या रात्री मी वही काढली आणि तिच्यासाठी एक पान मोकळं ठेवलं. पुढच्या रजेत गावी येऊन मी तिच्या दिराच्या मुलांकडे गेलो. थोरला म्हणाला, "सासरचा नाव सत्यभामा. म्हायार? घाटाकडला काय तरी." घाटाकडचं काय तरी! ज्या बाईनं तालुक्याची माहेरं डोक्यात ठेवली तिच्या स्वतःच्या घरात एवढंच. मी त्याच्या ओसरीवर ओरडलो. तलाठ्याकडे गेलो, तर तिच्या नावाचा कागदच नाही. गुरवाकडे गेलो. घाटाखालच्या वैभववाडीच्या बाजारात गेलो, दोन दिवस दुकानदारांना विचारत हिंडलो. पुढच्या वर्षीही तेच. तात्यालासुद्धा विचारलं. तो म्हणाला, "ती भांडखोर बाई? तिचं माहेर नरकात असणार." मी त्याच्या अंगावर धावून जाणार होतो, पण तो आता काठी घेऊन चालत होता.

त्या वर्षी मसुऱ्याच्या जत्रेहून मी खाज्याची पुडी घेऊन घरी आलो. तिच्या जागेवर दुसरीच कोणी बसली होती आणि तिनं काही न विचारता पुडी हातात दिली, त्याचाही मला राग आला होता. आई चुलीपुढे होती. मी पुडी तिच्यासमोर टाकली आणि बडबडलो, "मेली एवढी बाई, आणि तिचं माहेर जाणणारं कोणी नाही. या गावाला आग लागो."

"कोणाचा? काकीचा?" आई भाकरी थापत होती. "वैभववाडीच्या वर, घाटाच्या मुळाक. म्हायारचा नाव येसू. तिची आवस कुडाळकडली. येकदाच बाळंतपणाक गेली, चेडू झाला, बाराव्या दिसाक गेला. मगे ती थंय फिरान गेली नाय."

"आये, तुका ठावक होता?"

"तीस वर्सा आमी येका बावीर पाणी भरला."

"मगे सांगलंस कित्याक नाय? दोन वर्सा मी..."

"गुरवाक इचारलंस. तलाठ्याक इचारलंस. तात्याक इचारलंस." तिनं भाकरी तव्यावर टाकली, हात पदराला पुसले. "माका कधी इचारलंस?"

मी वही आणायला उठलो. आईनं पुडीचा दोरा सोडला, आतली एक काडी काढली आणि माझ्याकडे बघत कडाकडा चावून खाल्ली.